पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलींनो, एवढं वाचून या

मी पुण्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. आमच्याकडे बहुतेक मुली बीड, लातूर, धाराशिव, नांदेड, परभणीकडच्या असतात, काही सोलापूर-जळगावच्या. एमए, एमएस्सी, एमकॉमला प्रवेश घेतात आणि बऱ्याच जणी पहिल्यांदाच घराबाहेर राहतात. इतकी वर्षं हे पाहिल्यावर एक गोष्ट खात्रीनं सांगते. अभ्यास झेपला नाही म्हणून सामान बांधून परत गेलेली मुलगी फार क्वचित असते. मुली परत जातात त्या एखाद्या दाखल्यापायी, जेवणाच्या हाल-अपेष्टांपायी, रूमवरच्या अबोल्यापायी, नाहीतर घरी परस्पर ठरलेल्या लग्नापायी. यातलं बहुतेक आधी ओळखता येतं आणि वेळेत हात घातला तर टाळताही येतं.

कागदपत्रं गावातूनच पूर्ण करून आणा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या हद्दीत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे येतात. तुमची पदवी नांदेडच्या, संभाजीनगरच्या, सोलापूरच्या किंवा जळगावच्या विद्यापीठाची असेल, तर तुम्ही इथे ‘दुसऱ्या विद्यापीठाच्या विद्यार्थिनी’ ठरता. म्हणजे टीसीबरोबर मायग्रेशन सर्टिफिकेटही लागतं आणि पुढे पात्रतेची, म्हणजे एलिजिबिलिटीची प्रक्रिया होते. मायग्रेशन मिळतं ते तुमच्या जुन्या विद्यापीठातून. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज करून टाका. पुण्यात आल्यावर त्या एका कागदासाठी पुन्हा नांदेड गाठायचं म्हणजे दोन रात्री एसटीत जातात आणि वर्ग बुडतो तो वेगळाच.

मूळ टीसी एकदा जमा केली की ती परत मिळेल असं धरून चालू नका. जमा करण्याआधी तिच्या स्वच्छ झेरॉक्स काढा, दोन-तीन साक्षांकित करून घ्या. शिक्षणात खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र गावाकडच्या सेतू केंद्रातच करून घेतलेलं बरं. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत कधी संपते ते आजच बघा. जात वैधता प्रमाणपत्र अजून नसेल तर जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करून त्याची पावती जपून ठेवा. त्याला महिने लागतात, घाई करून ते मिळत नाही.

सगळ्यांत जास्त अडतं ते नावावर. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर वडिलांचं नावच नाही. वाचताना किरकोळ वाटतं, पण महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज नेमका इथेच अडकतो. एक काम करा. दहावीची मार्कशीट, आधार, पासबुक आणि जातीचा दाखला जमिनीवर शेजारी शेजारी मांडा आणि नावाचं एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. दहावीच्या मार्कशीटप्रमाणे आधार करून घ्या, मग आधारप्रमाणे बँक. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते. तुमची दोन-तीन खाती असतील तर आधार नेमकं कुठल्या खात्याला जोडलंय ते बँकेत जाऊन विचारा. पैसे आले नाहीत म्हणून रडत माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलींचे पैसे अशाच एखाद्या विसरलेल्या खात्यात सापडलेत.

फीची आणि राहण्याची मदत

पुण्यातल्या सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणजे सगळं संपलं असं नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण विभागाची स्वाधार योजना आहे. तीत पुण्यासारख्या शहरात जेवण, राहणं आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. आदिवासी मुलींसाठी स्वयंम योजना आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अटी बदलत राहतात, म्हणून विभागाच्या संकेतस्थळावरची ताजी जाहिरात वाचा, गावातल्या कुणाच्या सांगण्यावर थांबू नका. व्यावसायिक अभ्यासक्रमाला येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की २०२४-२५ पासून आर्थिक मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालंय. पूर्ण फी मागितली गेली तर पैसे भरण्याआधी शिष्यवृत्तीच्या खिडकीवर विचारा आणि उत्तर लेखी मागा.

ऑनलाइन अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजू नका. तो महाविद्यालयाच्या किंवा विभागाच्या लॉगिनमधून पुढे जावा लागतो. दर पंधरा दिवसांनी स्टेटस बघा. अर्ज तिथेच पडून असेल तर अर्जाचा क्रमांक कागदावर लिहून खिडकीवर जा. खिडकीपलीकडच्या माणसासमोर नुसतं ‘सर, माझं स्कॉलरशिपचं…’ म्हणून थांबू नका. नाव, वर्ग, अर्ज क्रमांक आणि काय अडलंय, हे एका दमात सांगा. हे मी मुलींकडून माझ्या ऑफिसात बोलून घेते, दोनदा-तीनदा. पहिल्यांदा आवाज निघत नाही, तिसऱ्यांदा निघतो.

खोली

विद्यापीठाच्या वसतिगृहाची यादी प्रवेशानंतर लागते, आणि तोवर तास सुरू झालेले असतात. मधले काही आठवडे कुठे राहायचं ते आधी ठरवा. नात्यातलं घर असेल तर उत्तम, पण किती दिवस राहणार ते मावशीला किंवा काकूला पहिल्याच दिवशी सांगा. नातं त्यानंच टिकतं.

नाहीतर कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीत एका कॉटपुरती, जागा घ्यावी लागते. खोली बघायला दुपारी जाता, तेव्हा सगळंच चांगलं दिसतं. तीच जागा संध्याकाळी आठनंतर पुन्हा बघा. गल्लीत दिवे आहेत का, कोपऱ्यावर कोण उभं असतं, बसस्टॉपपासून चालत यायला कसं वाटतं, हे तेव्हाच कळतं. तिथे आधीपासून राहणाऱ्या एखाद्या मुलीला मालकीणबाई नसताना गाठा आणि विचारा: पाणी किती वाजता येतं, एका बाथरूमला किती जणी, लाइटबिल कसं वाटतात, डिपॉझिट परत मिळाल्याचं कुणी पाहिलंय का. डिपॉझिटची पावती घ्याच. पावती देत नाहीत तिथे राहू नका, खोली कितीही हवेशीर असो.

गादी उचलून बघा. शिवणीच्या दुमडीत नख घाला, कॉटच्या जोडांमध्ये मोबाइलचा टॉर्च मारा. काळे-तांबूस ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. असं झालं तर आधी औषध मारून घ्या, मगच बॅग आत न्या. ढेकूण एकदा बॅगेत शिरले की दिवाळीला तुमच्याबरोबर घरी येतात.

सामानाचं थोडक्यात: दोन चाव्यांचं स्वतःचं कुलूप, बादली-मग, दोन सुती चादरी, कपडे वाळत घालायची दोरी आणि चिमटे, एक्स्टेन्शन बोर्ड, नेहमीची औषधं आणि त्यांची चिठ्ठी, सॅनिटरी पॅड, आधार आणि पासपोर्ट फोटो. छत्री नको, चांगला रेनकोट आणा. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याचा पाऊस दिवसभर बारीक भुरभुरतो आणि वाऱ्यात छत्री उलटी होते. पाणी तापवायची कॉइल आणू नका. ती जवळजवळ सगळीकडे बंद आहे आणि खरोखर धोकादायक आहे. सोनं घरी ठेवा.

रूममेटशी पहिल्या आठवड्यातच बोलून घ्या: लाइट किती वाजता बंद, फोनवर बोलायचं ते खोलीत की बाहेर, पाहुणी आली तर कुठे झोपणार. हे न बोलता महिना गेला की मग अबोला सुरू होतो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत लाइट आणि फोन या दोनच गोष्टी सगळ्यांत जास्त असतात.

जेवण

मराठवाड्यातल्या मुलींना पहिले दोन महिने पोटाचा त्रास होतो. घरी दोन वेळा ज्वारीची भाकरी, इथे मेसला मैदा मिसळलेली पातळ पोळी आणि गोडसर भाजी. आईनं दिलेल्या दशम्या, धपाटे दोन-तीन दिवस पुरतात. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी महिनाभर टिकते, ती भरपूर आणा. भाकरी देणाऱ्या मेस पुण्यात आहेत, थोडं फिरून शोधाव्या लागतात. महिन्याचे पैसे एकदम भरू नका. आधी चार-पाच दिवस एकेका ताटाचे पैसे देऊन जेवा, तेही दोन वेगवेगळ्या ठिकाणी. रात्री उशिरा गेल्यावर वरणात पाणी वाढतंय का, ते बघा.

पैसे भरताना खाड्याचा नियम विचारा. खाडा म्हणजे तुम्ही जेवला नाहीत त्या दिवसांची वजावट. बहुतेक मेसमध्ये सलग काही दिवस गैरहजर असाल आणि आधी कळवलं असेल तरच खाडा धरतात. एकेक वेळ चुकली तर धरत नाहीत. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद, ही इथली सर्वसाधारण पद्धत. त्या रविवारच्या रात्रीची सोय करून ठेवा. पोहे, शेंगदाणे, गूळ, दूध, काहीही चालेल, पण उपाशी झोपू नका. सोमवारी सकाळच्या तासाला चक्कर आली म्हणून मुलींना दवाखान्यात न्यायची वेळ माझ्यावर आलेली आहे.

वर्गात

पहिल्या आठवड्यात शिकवणं फारसं होत नाही, म्हणून गावाकडे थांबणाऱ्या मुली फार महत्त्वाचं काही गमावतात. वेळापत्रक, ऐच्छिक विषय, अंतर्गत परीक्षेची पद्धत, ग्रुप, सगळं त्याच आठवड्यात ठरतं. क्रेडिट पद्धतीत अंतर्गत गुण मोठे असतात. बऱ्याच विभागांत निम्मे गुण सेमिस्टरभर दिलेल्या चाचण्या, सादरीकरणं आणि असाइनमेंट यांवर मिळतात. पदवीला परीक्षेआधी महिनाभर बसून पास झालात, ते इथे चालत नाही.

आता इंग्रजीचं. मराठी माध्यमातून आलेली मुलगी पहिल्या तासाला बसते, सर भराभर इंग्रजीत बोलतात, शेजारची मान डोलावते, आणि हिला वाटतं की आपण इथल्या नाही. शेजारचीलाही पुष्कळसं कळलेलं नसतं, एवढं लक्षात ठेवा. यावर एक रीत आमच्याकडच्या मुलींना उपयोगी पडलीय. रोजच्या तासातले आठ-दहा अडलेले पारिभाषिक शब्द वेगळ्या वहीत लिहायचे. रात्री त्यांचा मराठी अर्थ शोधायचा. भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आहेत, मराठी विश्वकोश आहे, दोन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल, रसायन, सगळ्या विषयांचे शब्द त्यांत सापडतात. संकल्पना मराठीत नीट समजली की तेच प्रकरण इंग्रजीत वाचायचं. सहा-सात आठवड्यांत तेच शब्द परत परत यायला लागतात आणि वही कमी भरते. काही विषयांत उत्तरपत्रिका मराठीत लिहायची मुभा असते. तुमच्या विभागात आहे का, ते विचारून घ्या. आणि तासात शंका मराठीत विचारा. चांगल्या शिक्षकाला त्याचं काही वाटत नाही.

तुमच्या बोलीचंही सांगते. ‘काय करायलीस?’ म्हटल्यावर कुणी हसलं, तर गप्प बसू नका, आपलं बोलणं चालू ठेवा. या विद्यापीठाला २०१४ पासून ज्यांचं नाव आहे, त्या सावित्रीबाई नायगावच्या, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेल्या. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात त्यांनी आणि जोतिरावांनी मुलींची शाळा काढली. बाहेरगावची मुलगी या शहरात पाहुणी नाही, असं मला मनापासून वाटतं.

ग्रंथालयाचं कार्ड मिळालं की त्याच दिवशी विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जाऊन बसा, पुस्तक घ्यायचं नसलं तरी. जागा ओळखीची झाली की पाय आपोआप वळतात. इतिहासाच्या मुलींनी भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भांडारकर संस्था, अर्थशास्त्राच्या मुलींनी गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय माहीत करून घ्यावं. यातली भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० ची, भांडारकर १९१७ ची आणि गोखले संस्था १९३० ची. असा ठेवा चालत किंवा एका बसवर असणं हे पुण्यात शिकण्यातलं खरं सुख आहे. खाजगी अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे भरण्याआधी हे सगळं वापरून बघा.

पैशांची ओढाताण असेल तर विद्यार्थी विकास मंडळाकडे कमवा व शिका योजनेची चौकशी करा. ग्रंथालयात, कार्यालयात, विभागात रोज काही तास काम आणि त्याचे तासावर पैसे. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच मागवतात. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला मात्र हात लावू नका. त्यात अडकलेल्या मुलीचा फोन रात्री-अपरात्री वाजत असतो, आणि वसुलीवाले तिच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना गाठतात.

घरच्यांशी आधी बोला

हा भाग आई-वडिलांनीही वाचावा. पहिल्या वर्षाच्या दिवाळीत घरी गेलेली मुलगी परत येत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असतं. मामानं स्थळ आणलेलं असतं, मुलगा नोकरीला असतो, ‘शिक्षण लग्नानंतर पूर्ण कर’ असं सांगितलेलं असतं. मुलगी एकटी, समोर सगळं घर.

हे बोलणं पुण्याला निघण्याआधी करायचं असतं. आमच्याकडच्या एका मुलीनं ते फार नीट केलं होतं. प्रवेशाची पावती हातात आल्यावर तिनं वडील, चुलते आणि मामा यांना एकत्र बसवलं आणि विचारलं, ‘चार सेमिस्टर आहेत. तोवर स्थळ बघणार नाही, असं तुम्ही सगळे मला सांगता का?’ तिघांनी एकमेकांसमोर हो म्हटलं. पुढे स्थळ आलंच, पण मामांनीच परस्पर ‘अजून दोन सेमिस्टर आहेत’ म्हणून सांगून टाकलं. एकट्या बापाकडून वचन घेतलं तर तो बिचारा भावकीत एकटा पडतो. म्हणून सगळ्यांसमोर बोला. निकाल, हजेरी, फीची पावती घरी दाखवत राहा. घरच्यांच्या बाजूनं तुमचं शिक्षण म्हणजे काय, ते त्यांना दिसलं पाहिजे.

फोनचंही ठरवून घ्या. आई दर दोन तासांनी फोन करते आणि मुलगी दर वेळी रडते, असे पहिले आठवडे जातात. रात्रीची एक वेळ ठरवा. आईंनो, ‘जेवलीस का’ विचारल्यावर ‘आज कुणाशी बोललीस’ हेही विचारा. मुलगी दर शनिवारी घरी यायला लागली तर लाडानं बोलावू नका. पहिला महिना तिला इथेच राहू द्या. महालक्ष्म्यांना ती येणारच आहे. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाची काळजी पूर्वीइतकी नाही.

काही दिवस उदास वाटणं स्वाभाविक आहे. पण झोप उडाली, जेवण सुटलं, तासाला जावंसंच वाटेना आणि असं दोन आठवडे चाललं, तर रेक्टरला किंवा एखाद्या शिक्षिकेला सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, ‘गंमत होती’ म्हणून तो टळत नाही. शिक्षक, कर्मचारी किंवा वर्गमित्र यांच्यापैकी कुणी त्रास दिला तर प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असते. तिच्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डावर लावलेली असतात. गरज नसतानाच त्यांचा फोटो काढून ठेवा. तातडीला ११२.

दिवाळीला निघण्यापूर्वी

परीक्षेचा अर्ज सुट्टीच्या आसपास निघतो आणि मुली गावाकडे असताना मुदत संपते, मग विलंब शुल्क. निघण्याआधी विभागात तारीख विचारा, आणि पुण्यात राहणाऱ्या एका मैत्रिणीला नोटीस बोर्डाचा फोटो पाठवायला सांगा. मेसला खाडा लेखी कळवा. एसटीचं आरक्षण आधी करून ठेवा. बीडकडच्या गाड्या शिवाजीनगरच्या जुन्या स्टँडवर शोधत बसू नका, ते स्टँड वाकडेवाडीला हललंय. कपाटात खाण्याचं काही ठेवू नका, उंदीर लागतात. ओली चादर दोरीवर सोडून जाऊ नका. चावी ऑफिसात देऊन रजिस्टरवर परतीची तारीख लिहा. येताना चटणीचे डबे पुन्हा भरून आणा, आणि घरी राहिलेले मूळ दाखले असतील तर तेही.